पाटावरचा पाना

हे अजून माझ्या तोंडून एकदाही बाहेर पडलेलं नाही. बायकोला सांगितलं नाही, आईला नाही, आणि ज्याला सांगायला हवं त्याला तर नाहीच. दोन पेग झाले की मी वाटेल ते बरळतो — सासरची भांडणं, सुपरवायझरची नक्कल, सगळं. पण हे नाही. हे आत कुठंतरी इतकं घट्ट बसलंय की पिऊनही हलत नाही. तुला का सांगतोय? माहीत नाही. तू मला ओळखत नाहीस, म्हणून असेल.

आधीच सांगतो, यात कुणी मेलेलं नाही. अफरातफर नाही, बाईचं प्रकरण नाही. एक गाडी होती, तिचं इंजिन होतं आणि एक मित्र होता. गाडी भंगारात गेली. मित्र आहे. सांगवीला राहतो, अजूनही दिवाळीत फराळाला येतो. म्हटलं तर एवढंच. मग एवढं काय त्यात, असं तू म्हणशील. मीही इतकी वर्षं स्वतःला तेच म्हणत आलोय.

तर — मी चाकणला एका कंपनीत इंजिनच्या लाइनवर आहे. मिलिंदही तिथलाच. दोघं एकाच बॅचला ट्रेनी म्हणून लागलो, एकाच बसने जायचो, डबाही एकत्रच खायचो. फरक एवढाच की मला नोकरी हवी होती आणि त्याला इंजिनं आवडायची. त्याचे वडील पिंपरीत एका कारखान्यात हयातभर लेथवर उभे राहिले. ते गेले तेव्हा याने त्यांचा मायक्रोमीटर तेवढा मागून घेतला. इंजिन चालू असलं की मिलिंद त्यावर तळहात ठेवायचा, आपण तापलेल्या पोराच्या कपाळावर ठेवतो तसा. मी त्याची टिंगल करायचो. म्हणायचो, भावा, औषध लिहून दे आता.

गाडी माझ्या चुलत भावाची, पप्पूदादाची. आमचं मूळ गाव पुनावळे. माझ्या वडिलांनी आपला वाटा लवकर विकला आणि फ्लॅट घेतला रावेतला. पप्पूदादाच्या वडिलांनी, म्हणजे नानांनी, आपला राखला. मग हायवेची वर्दळ वाढली, सोसायट्या आल्या, आणि नानांच्या बांधावर गाळे उभे राहिले. पप्पूदादाचे वाढदिवसाचे फ्लेक्स लागायला लागले. त्यातच त्याने ती गाडी आणली — लाल, दोन दारांची, दोनच सीटची, जपानी, जुनी. स्पोर्ट्स कार. गतिरोधकावरून ती तिरकी न्यावी लागायची आणि तरी पोट घासायची. काकी म्हणायची, "हिच्यात बसायचं का हिला पांघरायचं?" पण पप्पूदादाचा तिच्यावर जीव होता, हे खरं.

गाडी तेल खायला लागली, मागून निळा धूर सोडायला लागली. मुंबईचा गॅरेजवाला म्हणाला, गाडी ठेवून जा, इंजिन उतरवावं लागेल, सहा महिने धरून चाला. पप्पूदादाला ते पटेना. तेव्हा मीच मिलिंदला घेऊन गेलो. मिलिंदने बॉनेट उघडलं, आत वाकून एकेक भाग बघितला, मग म्हणाला, "दादा, घरीच करू की." पप्पूदादाने त्याच्याकडे एकदा पाहिलं, माझ्याकडे एकदा पाहिलं. म्हणाला, "दसऱ्याला चालू करून दाव. सर्विस रोडचा पयला गाळा तुझा. गॅरेज टाक. आमी हाय पाठीशी."

हे नीट लक्षात ठेव, कारण सगळं यावरच आहे. मिलिंदला गॅरेज टाकायचं होतं. जुन्या गाड्यांची इंजिनं बांधायचं, दुसरं काही नाही. त्यासाठी जागा लागते आणि गावात पाठीशी कुणीतरी लागतं, आणि त्याला ते दोन्ही कधी मिळालं नसतं. त्या एका वाक्यात ते त्याच्या पदरात पडलं होतं. घरी परतताना तो माझ्या बाईकवर मागे बसला होता. रावेतच्या पुलावर म्हणाला, "सुन्या, हे झालं ना, तर मी आईला नीट दाखवणार, गाळ्यावर बसवून." बस्स.

नानांच्या जुन्या गोठ्यात आम्ही कामाला लागलो. गुरं केव्हाच गेली होती, गव्हाण तेवढी होती; तीत आम्ही पार्ट मांडले. दर गुरुवारी आमची सुट्टी असायची, दर गुरुवारी गोठा. इंजिन उतरवलं, ब्लॉक, म्हणजे इंजिनचं धड, बोअर करून आणला, नवे पिस्टन, नव्या रिंगा, नवे बेअरिंग. बेअरिंगमधली फट मिलिंद वडिलांच्या मायक्रोमीटरने मोजायचा, पुन्हा मोजायचा, मला बघायला लावायचा. मी न बघताच "बरोबर" म्हणायचो. कारण ती बरोबरच असायची.

आता एक रीत सांगतो, ती कळल्याशिवाय पुढचं कळणार नाही. आमच्या लाइनवर महत्त्वाचा बोल्ट एकाने बसवायचा आणि दुसऱ्याने शेवटचा आवळायचा. आवळणारा टॉर्क रेंच वापरतो — म्हणजे असा पाना, की ठरलेला जोर लागला की तो हातात 'कट्' करून वाजतो. तो वाजला, की पांढऱ्या मार्करने बोल्टवर रेघ मारायची, अशी की अर्धी बोल्टवर, अर्धी खालच्या लोखंडावर. बोल्ट पुढे कधी सैल झाला तर रेघ तुटलेली दिसते. पाना वाजल्याशिवाय रेघ मारायची नाही. हे पहिल्या दिवशी शिकवतात. त्या रेघेवर पुढचे सगळे डोळे झाकून विश्वास ठेवतात, म्हणून लाइन चालते. आम्ही दोघांनी गोठ्यातही तीच रीत ठेवली होती. बसवणार तो, शेवटचं आवळून रेघ मारणार मी. पाना मात्र मिलिंदचा होता, त्याने स्वतःसाठी घेतलेला, निळ्या पेटीतला.

इंजिन बांधून झालं, गाडीत चढलंही. फक्त कनेक्टिंग रॉडचे, म्हणजे पिस्टन वरखाली नेणाऱ्या चार दांड्यांचे, दांड्याला दोन असे आठ नवे बोल्ट यायचे राहिले होते. ते आले थेट खंडेनवमीच्या आदल्या संध्याकाळी. मिलिंदची सेकंड शिफ्ट होती. तो खंडेनवमीच्या सकाळी गोठ्यात आला, गाडीखाली आडवा झाला, एकेक जुना बोल्ट काढून नवा घातला, हलका आवळला आणि कंपनीची बस गाठायला पळाला. मला फोन केला — "शेवटचा टॉर्क तू लाव, रेघ मार, चेंबर बसव. उद्या चालू करायची, राव!" चेंबर म्हणजे इंजिनच्या तळाचं तेलाचं भांडं. ते एकदा बसलं की आतलं काही दिसत नाही.

फर्स्ट शिफ्ट करून मी दुपारी पुनावळ्याला पोचलो. निळी पेटी उघडली तर रिकामी.

खंडेनवमीला काय करतात, तुला माहीत असेलच. हत्यारं धुऊन पाटावर मांडायची, हळदकुंकू, झेंडू, नैवेद्य. त्या दिवशी हत्याराला हात लावायचा नाही, त्याला विश्रांती. काकीने गोठ्यातलं होतं नव्हतं ते सगळं गोळा केलं होतं. विळे, कोयता, ट्रॅक्टरचे पाने, आणि त्यांच्या मधोमध, कुंकवाचं बोट लावलेला, मिलिंदचा टॉर्क रेंच. काकी मला बघून म्हणाली, "तुझ्या मैतराचं हत्यार बी ठिवलंय बरं का पूजेत. सांग त्याला." तिला त्याचं कौतुक वाटत होतं. आमच्या त्या घरात मिलिंदसाठी चहाचा कप वेगळा नव्हता, पण तो नेहमी ओट्यावरच पोचायचा, आत कधी नाही. आणि आज त्याचा पाना देवापुढे होता.

पुढची कितीतरी वर्षं मी स्वतःला सांगत आलो की म्हणून मी तो उचलला नाही. काकीचं मन मोडेल म्हणून. मिलिंदला मिळालेला तो मान मी कसा काढून घेऊ, म्हणून. ऐकायला बरं वाटतं, नाही? खरं कारण एवढं क्षुल्लक आहे की ते लिहितानाच मला ओशाळल्यासारखं होतंय. मला कंटाळा आला होता. पहाटेपासून उभा होतो, भूक लागली होती, आणि काकीशी बोलत बसायचं नव्हतं. मागितला असता तर तिने दिला असता की नाही, याचा विचारसुद्धा मी केला नाही. मी मागितलाच नाही.

पप्पूदादाच्या जीपमध्ये एक साधा लांब दांड्याचा पाना होता, तो पूजेतून सुटला होता. मी गाडीखाली शिरलो आणि त्याने बोल्ट आवळले. अंदाजाने. इतकी वर्षं हेच करतोय, हाताला कळतं, असं वाटलं. हाताला काय कळतं? लाइनवर आम्हाला पाना सांगतो कधी थांबायचं. माझ्या हाताने स्वतःहून कधी काही ठरवलेलंच नव्हतं. तरी मी आठही बोल्ट आवळले, मार्कर काढला आणि आठ रेघा मारल्या. सरळ, स्वच्छ. मग चेंबर बसवलं.

संध्याकाळी शिफ्टमधून त्याचा फोन आला. "झालं का?" म्हटलं, झालं. "टॉर्क?" म्हटलं, लावला.

हे पहिलं. थांब, अजून आहे.

दसऱ्याला सकाळी गोठ्यापुढे लग्नासारखी गर्दी. गाडीला झेंडूचे हार, चाकांखाली लिंबं, पप्पूदादाची मित्रमंडळी मोबाईल उगारून. मिलिंद विहारातून परस्पर आला, पांढराशुभ्र शर्ट घालून. त्यांचाही तो मोठा दिवस. हातात स्टीलचा डबा — आईने खीर पाठवली होती, सगळ्यांसाठी. काकीने डबा घेतला आणि ओट्यावर ठेवला.

मिलिंदने पाटावरून आपला पाना उचलला, कुंकू पुसलं नाही, तसाच पेटीत ठेवला. मग आधी नुसतंच स्टार्टरवर इंजिन फिरवलं, तेल सगळीकडे पोचेपर्यंत, लाल दिवा विझेपर्यंत. मग प्लग लावले. नानांनी नारळ फोडला. पप्पूदादाने चावी फिरवली.

आणि गाडी चालू झाली. पहिल्या झटक्यात. तो आवाज मला अजून ऐकू येतो, काही न बिघडलेला, गोल आवाज. मिलिंदने बॉनेटखाली हात घालून इंजिनवर तळवा ठेवला आणि माझ्याकडे पाहिलं. इतका आनंद झालेला माणूस मी त्याआधी पाहिला नव्हता, आणि नंतरही नाही. मलाही आनंद झाला. खोटं का बोलू? त्या क्षणी माझ्या मनात बोल्ट नव्हते. मी विसरलो होतो.

"दादा, रेस नको देऊ. आज आरामात," मिलिंद सांगत होता. पप्पूदादा सर्विस रोडला एक चक्कर मारून आला, परत गोठ्यापुढे उभा राहिला. आता गावाला ऐकवायचं होतं. त्याने ॲक्सिलरेटर दाबला, सोडला, पुन्हा दाबला. पोरांनी शिट्ट्या मारल्या. आणि त्या शिट्ट्यांच्या खालून एक टकटक यायला लागली. ती मिलिंदने ऐकली, आणि मीही ऐकली. तो "बंद कर, दादा, बंद कर!" ओरडत धावला आणि उघड्या बॉनेटवर वाकला. मी जागेवरच उभा होतो. ती टकटक कसली ते मला कळलं होतं, आणि मी जागेवरच उभा होतो.

मग धाडकन आवाज झाला. रॉड सुटून ब्लॉक फोडून बाहेर आला. लोखंडाचा एक तुकडा बॉनेटला आतून बसला, मिलिंदच्या डोक्यापासून वीतभर अंतरावर. नवं तेल त्याच्या शर्टावर उडालं. नवं होतं, म्हणून काळं नव्हतं, पिवळसर होतं. हार तसेच होते. कुणीतरी अजून व्हिडिओ काढत होतं.

पप्पूदादा ओरडला नाही. तो उतरला आणि म्हणाला, "जाऊ दे. मशीनच हाय." नाना मात्र ओट्यावरून, कुणाकडेही न बघता बोलले — "म्हनून हत्यार कुनाच्या बी हाती देऊ न्हाई." कुणाच्या बी म्हणजे कुणाच्या, ते तिथल्या प्रत्येकाला कळलं. मिलिंदलाही कळलं, तो हात पुसत होता, पुसतच राहिला. माझ्या हातात चहा होता. तो मी प्यायलो. चहा गरम होता एवढं आठवतं, बाकी काही वाटल्याचं आठवत नाही.

त्या संध्याकाळी त्याचा फोन आला. म्हणाला, "सुन्या, रागावू नको, नुसतं विचारतो. पाना वाजला होता ना सगळ्या बोल्टांना?" मी म्हणालो, वाजल्यावरच रेघ मारली. तो लगेच म्हणाला, "सॉरी यार. तुला हे विचारायला नको होतं मी." त्याने माझी माफी मागितली, आणि मी म्हणालो, असू दे.

इथपर्यंत चूक होती आणि खोटं होतं. माणसाकडून होतं, असं तू म्हणशील कदाचित. म्हणू नकोस, कारण जे सांगायला बसलोय ते आत्ता येतंय.

ठरलं असं होतं की गुरुवारी दोघांनी मिळून इंजिन खोलायचं आणि काय झालं ते शोधायचं. मी आदल्याच दिवशी गेलो, एकटा, दुपारच्या वेळी. मिलिंदची निळी पेटी गोठ्यातच होती. मी चेंबर उतरवलं. तुटका रॉड, त्याचे वाकडे बोल्ट, बेअरिंगचा चुरा — त्यावरून कुणालाच काही कळलं नसतं. पण बाकीचे सहा बोल्ट जागेवर होते. आणि त्यातल्या दोन बोल्टांवरची माझी पांढरी रेघ तुटलेली होती. बोल्टवरची अर्धी एकीकडे, लोखंडावरची अर्धी दुसरीकडे. मिलिंद गाडीखाली शिरला असता तर एका नजरेत त्याला सगळं कळलं असतं.

मी थिनर आणलं, चिंधी घेतली आणि सहाही रेघा पुसल्या. मग पेटीतून पाना काढला. त्याच्यावर कुंकू अजून होतं. आकडा लावला आणि एकेक बोल्ट आवळला. कट्. कट्. या वेळी टॉर्क अगदी बरोबर लावला. घाई केली नाही, कंटाळा आला नाही. प्रत्येक बोल्ट दोनदा तपासला. मग नव्या रेघा मारल्या, आणि नव्या दिसू नयेत म्हणून वर तेलाचं बोट फिरवलं. आयुष्यात इतकं मन लावून मी दुसरं काम केलेलं नाही.

हे आहे ते. हे कुणाला सांगितलं नव्हतं.

ओट्यावर खिरीचा डबा तसाच होता, कुणी उघडला नव्हता. खीर आंबली होती. मी ती उकिरड्यावर ओतली, डबा घासला.

गुरुवारी मिलिंद आला. मी म्हणालो, तुझा वेळ वाचावा म्हणून चेंबर उतरवून ठेवलंय. तो म्हणाला, बरं केलंस. मग त्याने पाना घेतला आणि गाडीखाली जाऊन प्रत्येक बोल्टला लावला. मी बाहेर, त्याच्या पायांशी बसलो होतो. कट्. थोडा वेळ काही नाही. कट्. सहा वेळा तो वाजला. सहाव्यानंतर तो बराच वेळ बाहेर आलाच नाही. नुसते त्याचे पाय दिसत होते, स्थिर. मी तेव्हाही बोलू शकलो असतो. त्याच्या पायांना सांगायचं होतं, तोंडही दिसत नव्हतं. तरी नाही बोललो.

बाहेर आला तेव्हा म्हणाला, "तुझे बोल्ट बरोबर आहेत. म्हणजे बेअरिंगच जाम झालं. फट मीच मोजली होती." मग स्वतःच्या हातांकडे पाहिलं. "बाबांच्या मायक्रोमीटरवर मोजलं, आणि चुकलो, राव." मी त्याच्या खांद्यावर हात ठेवला. हो, ठेवला. म्हणालो, होतं असं. डबा दिला आणि म्हणालो, खीर सगळ्यांना आवडली.

गाळ्यात आता टाइल्सचं दुकान आहे. मिलिंदने त्यानंतर लाइनवरून बदली मागून घेतली. सुपरवायझरने कारण विचारलं तर म्हणाला, हाताचा भरवसा वाटत नाही. तो डिस्पॅचला आहे, फोर्कलिफ्ट चालवतो, खोकी चढवतो. चांगलं चाललंय त्याचं. पण मागे त्याच्या बाईकचा प्लग गेला तर तो ती ढकलत मेकॅनिककडे घेऊन गेला. साधा प्लग. मी बरोबर चालत होतो. मी म्हणालो, अरे, आपण बदलू की, दोन मिनिटांचं काम. तो हसला आणि म्हणाला, "नको. बिघडवून ठेवीन."

आणि मी? मी नव्या पोरांच्या बॅचला शिकवतो आता. पहिल्या दिवशी मीच सांगतो त्यांना, पाना वाजल्याशिवाय रेघ मारायची नाही. चांगलं शिकवतो म्हणतात. ते सांगताना माझा आवाज कापत वगैरे नाही. कापायला हवा होता का? रात्री झोप लागते. जेवण जातं. इतरांचे कबुलीजबाब वाचतो तेव्हा त्यांना आतून जळत असतं, पोखरत असतं. माझ्या आत काही जळत नाही. तिथं फक्त थंड आहे, बंद पडलेल्या इंजिनाइतकं, आणि त्याची मला लाज वाटते — ती मात्र वाटते.

एक राहिलं. काही वर्षांनी खंडेनवमीलाच मी पुनावळ्याला जेवायला होतो. टाकीचा पाइप फुटला, अंगणात पाणीच पाणी. पाने सगळे पाटावर. पप्पूदादा इकडेतिकडे बघत होता. काकी उठली, पाटावरचा मोठा पाना उचलला, पदराने कुंकू पुसलं आणि त्याच्या हातात दिला. मी म्हणालो, "काकी, चालतं?" ती म्हणाली, "न चालायला काय झालं? काम आडलं तर देव न्हाई म्हनतो व्हय?" आणि पुन्हा ताटावर येऊन बसली. माझ्या पानात पुरण होतं. मी ते संपवलं.

मिलिंदने तो टॉर्क रेंच मला दिलाय. बदली झाली त्याच आठवड्यात घेऊन आला, निळ्या पेटीसकट. म्हणाला, "तू ठेव. तुझा हात बसतो बरोबर." मी घेतला. आता दर खंडेनवमीला माझी बायको तो पाटावर मांडते, मुलांच्या कंपासपेट्यांशेजारी, आणि मी त्याला हळदकुंकू वाहतो. गेल्या वर्षी त्या दिवशी मिलिंद सहज डोकावला. पाटाकडे बघून थांबला, खूश झाला. बायकोला म्हणाला, "वहिनी, चांगल्या घरी पडला हो माझा पाना." मग मला विचारलं, "अजून नीट वाजतो का रे?"

मी म्हणालो, वाजतो की. त्या दुपारी मी सहा बोल्ट आवळले, गुरुवारी त्याने ते तपासले. त्यानंतर तो पाना कुणी वापरलेला नाही.